कॅसेटीवर नसलेला हुंकार

१

शनिवारी दुपारी एक ते चार कोल्हापूरच्या शाहूपुरीत लोडशेडिंग असायचं, म्हणून मी सकाळी साडेआठलाच ऑफिस उघडलं. एप्रिल २००८. ऑफिस म्हणजे गुळाच्या अडतीवरच्या दोन खोल्या. खाली ढेपा उतरवल्याचे धप्प धप्प आवाज, वर गोड कुबट वास, आणि कितीही खडू ओढला तरी की-बोर्डात शिरणाऱ्या लाल मुंग्या.

शशिधर सर माझ्याआधीच येऊन जिन्यात बसले होते. निवृत्त शिक्षक, गडहिंग्लजकडचे. आमच्या धरणग्रस्तांच्या संघटनेचं सगळं रेकॉर्डिंग त्यांनीच केलेलं.

"डिस्क अजून वाजतीया?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारपासून. कट् कट् करते."

"मग आधी साधी कॉपी मार की कुठंतरी."

"कुठं मारू, सर? दुसरी डिस्क ही एकच आहे. आणि नुसती कॉपी म्हणजे पुन्हा पुढच्या वेळी हीच रडकथा. मी मांडणीच बदलते. एकदाच, कायमचं."

दीडशहाणेपणा कशाला म्हणतात ते मला आता कळतं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, इंजिनिअरिंग करून पुण्याची नोकरी नाकारून आले होते आणि मला सगळंच कायमचं करायचं होतं.

आमची सगळी रेकॉर्डिंग एका व्हॉल्यूमवर होती. व्हॉल्यूम म्हणजे डिस्कवर आखून घेतलेली जागा. ती एका डिस्कवर सरळ पसरलेली ठेवता येते, नाहीतर दोन डिस्कवर जोडीनं, एकावर जे तेच दुसऱ्यावर. मशीन बंद करावं लागत नाही, फायली हलवाव्या लागत नाहीत. काळ्या पडद्यावर एलव्हीकन्व्हर्ट म्हणून एक ओळ टाइप करायची आणि टक्के चढताना बघत बसायचं. जेवढा भाग तयार होईल तेवढा मग कोणत्याही डिस्कवरून वाचला जातो.

त्या व्हॉल्यूमवर खानूवाडीच्या त्रेसष्ट बायका होत्या. सगळ्या नवऱ्यानं टाकलेल्या, स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या घरात राहणाऱ्या. धरण झालं, गाव पाण्यात गेलं. पुनर्वसनाची यादी निघाली तेव्हा त्यांची घरं भावाच्या, दिराच्या नावावर दाखवलेली, आणि बाई यादीत नाहीच. पाणी चढण्याआधीच्या वर्षात सरांनी प्रत्येकीच्या घरात बसून तिची साक्ष कॅसेटवर घेतली होती. सोमवारी अकराला पुनर्वसन अधिकाऱ्यांपुढे सुनावणी होती आणि आमच्याकडे पुरावा म्हणून एवढंच होतं. मूळ कॅसेटी राहिल्या नव्हत्या. संगणकावर उतरवून झाल्यावर आम्ही त्यांवरच पुढच्या गावांचं रेकॉर्डिंग केलेलं. सगळ्या संघटना तेच करायच्या.

नऊला पाच कमी असताना मी ओळ टाइप केली. पडद्यावर आलं, शून्य पूर्णांक एक टक्का.

२

दहाच्या सुमाराला एकतीस टक्के झाले. काम नीट चाललंय का बघायला मी नऊ नंबरची फाईल लावली. झुंबरबाई. त्या फेब्रुवारीत वारल्या. त्यांची लेक बायडाबाई त्याच घरात वाढली, पुढे टाकली गेल्यावर त्याच घरात परत आली. तिचा हक्क आईच्या या चाळीस मिनिटांवर उभा होता.

सरांची एक पद्धत होती. समोरचा बोलत असताना हुंकार द्यायचा नाही. टेपवर आवाजावर आवाज चढतो, मग साक्षीत कोण काय म्हणालं यावर वाद होतात. सर फक्त मान हलवायचे. खेड्यातल्या बायकांना हे जमायचं नाही. आपल्याकडे कोणी सांगायला लागलं की दुसऱ्यानं हं म्हणायचं असतं, नाहीतर सांगणाऱ्याला पुढचं सुचत नाही. झुंबरबाई तर टेपवरच सरांना झापतात, "मास्तर, हं तरी म्हना की. भिताडासंगं बोलतोय व्हय मी? कोन तरी हं म्हनाय पायजे, मंग बोलता येतंय."

ही फाईल मी वीसेक वेळा ऐकलेली होती. तिथं सर हसतात, बाई उसासा टाकतात आणि बोलायला लागतात, "दोन खनाचं घर. भिताडं मीच घातली."

मग त्या थांबतात. पत्र्यावर कावळा चालतो.

"हं," कोणीतरी म्हणालं.

मी फाईल मागे घेतली. घर, भिताडं, कावळा. काही नाही. पुन्हा लावली. काही नाही. मशीनच्या मेमरीत राहिलेलं पुसून टाकलं, म्हणजे डिस्कवरून नव्यानं वाचलं जाईल, आणि पुन्हा लावली.

"हं."

बाईचा नाही, पुरुषाचा म्हणावा तर तसाही नाही. जवळचा. आतुर नाही, कंटाळलेलाही नाही. ऐकतोय, चालू दे, असा.

"सर, तुम्ही हिथं हं म्हणालेलात का?"

त्यांनी हेडफोन कानाला लावला. दोनदा ऐकलं. "न्हाई. मी म्हटलेलो न्हाई," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आणि मी म्हटलो असतो तर ते असं आलं नसतं."

"म्हणजे?"

"झुंबरबाईचं घर पत्र्याचं. तिथं आवाज घुमतोय. तिचा ऐक, घुमतोय का न्हाई? ह्याचा घुमत न्हाई." त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "ह्याच्या मागं काय वाजतंय, तेवढं ऐक."

मी आवाज वाढवला. हुंकाराच्या मागे, जेमतेम अर्धा सेकंद, टक् असं काहीतरी होतं. खानूवाडीत तेव्हा वीज नव्हती. आमच्या डोक्यावरचा पंखा दर फेरीला एकदा टक् करायचा.

३

माझ्याकडे कारण तयार होतं. जुन्या डिस्कचे खराब भाग वाचताना तुकडे इकडचे तिकडे जातात, कुठल्यातरी बैठकीच्या रेकॉर्डिंगचा तुकडा मध्ये चिकटला असेल. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक नंबर लाव."

एक नंबर शालूबाई. बावीस मिनिटं.

कोंबड्या आल्या. लांबून कोणीतरी रताळी विकतंय. सरांचा आवाज आला, "नाव सांगा." पुढे पुन्हा कोंबड्या. मूल खोकलं. तव्यावर काहीतरी पडलं. सर म्हणाले, "आणि म्हागची चिंच कुणी लावली?" मग तव्याचा चर्र आवाज. बावीस मिनिटं मी पुढे सरकवत गेले. घर होतं, दुपार होती, सर प्रश्न विचारत होते. शालूबाई नव्हत्या. मध्ये मध्ये फक्त, समाधानानं, "हं."

दोन, तीन, चार, पाच. तसंच. सहापासून बायका होत्या, पण प्रत्येकीच्या थांबण्यात तो हुंकार होता. चौदाच्या पुढे हुंकार नव्हता, बायका पूर्वीसारख्याच बोलत होत्या.

"शालूबाई जित्ती हाय," सर म्हणाले. "पोराचा नंबर हाय माझ्याकडं. तिला उभीच करू सोमवारी. टेप कशाला पायजे?"

त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"कोन, मास्तर व्हय? बोला की," शालूबाईंचा आवाज खणखणीत होता. मला एकदम बरं वाटलं.

"शालूबाई, सोमवारी हापिसरापुढं घराचं सांगायचं हाय तुम्ही. दोन खण, म्हागं चिंच. सगळं आपल्या कॅसेटवर सांगिटलावता तसं."

"कुनाचं घर, मास्तर?"

"तुमचं. खानूवाडीचं."

मग त्या हसल्या. कोणाच्या लग्नाचं आमंत्रण विसरल्यावर बाई हसते तशा.

"मी खानूवाडीत हुतो व्हय? पोरं तसं म्हंत्यात खरं. असंल. सकाळपास्नं काय याद न्हाई बगा. वाईट वाटंना झालंय, तेचंच वाईट वाटाय लागलंय."

सरांनी फोन ठेवला. "बंद कर ते," ते म्हणाले.

"बंद केलं तर सगळं या वाजणाऱ्या डिस्कवर राहतं. ती आज जाईल का उद्या, सांगता येत नाही."

"राजारामपुरीत माझा विद्यार्थी हाय, त्याच्याकडं बाहेरनं जोडायची डिस्क हाय. मी घिऊन येतो. तू ती नवी काढून टाक. आणि ऐकत बसू नको."

त्यांची लूना खाली फटफटत गेली तेव्हा पावणेएक झाला होता.

४

मांडणी पुन्हा एका डिस्कवर आणायची ओळ छोटी आहे. फक्त शेवटी डिस्कचं नाव द्यावं लागतं. जिचं नाव द्याल ती बाहेर पडते, ठेवली जात नाही. नवखी माणसं इथंच चुकतात. ठेवायच्या डिस्कचं नाव लिहितात आणि सगळं घालवून बसतात. मी नाव तीनदा वाचलं, मोठ्यानं वाचलं, मग एंटर दाबलं. सत्तर टक्क्यांवरचं काम थांबलं. व्हॉल्यूम पुन्हा एकट्या जुन्या डिस्कवर आला. मी मशीनचा डबा उघडून नव्या डिस्कची केबल ओढली, डिस्क बाहेर काढली आणि खिडकीत ठेवली. हातभर लांब, कशालाही न जोडलेली.

झुंबरबाई लावल्या. घर. भिताडं. कावळा.

"हं."

मी हेडफोन काढले नाहीत. विचार करत राहिले, की हे जुन्या डिस्कवर आलं कसं? तिच्यावर तर काही लिहिलंच गेलेलं नाही, ती फक्त वाचली गेलीय. सकाळपासून पहिल्या टक्क्यापासून सत्तराव्यापर्यंत, प्रत्येक बाई, प्रत्येक शब्द, क्रमानं, एकही न गाळता वाचला गेलाय. एवढं लक्ष देऊन त्यांचं यापूर्वी कोणी ऐकलं नव्हतं.

बरोबर एकला वीज गेली. इन्व्हर्टरवर फक्त मशीन होतं. पंखा फिरत फिरत थांबला. खाली अडतीतली माणसं जेवायला गेली असावीत, ढेपांचा आवाजही नव्हता. मी फाईल मागे घेतली.

"मीच घातली," झुंबरबाई म्हणाल्या.

"हं."

या वेळी मागे पंख्याची टक् नव्हती.

म्हणजे ते रेकॉर्ड झालेलं नव्हतं. आत्ता होत होतं. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. माझ्या उजव्या हाताला सरांची खुर्ची होती, लोखंडी, हिरव्या प्लॅस्टिकच्या वायरीनं विणलेली. मी तिकडे बघितलं नाही. घाबरले की मी बडबड करते, लहानपणापासूनची सवय. मी मोठ्यानं म्हणाले, "हा इन्व्हर्टर नसता तर आज सगळं संपलं असतं."

"हं."

उजवीकडून. हेडफोनमधून नाही.

आणि मी पुढे बोलले. हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. पळाले नाही. हुंकार आला की पुढचं वाक्य आपोआप येतं. मी इन्व्हर्टर कसा मिळाला ते सांगत गेले, कोणी दिला, जिन्यातून वर कोणी आणला. दर थांब्याला हं. सांगायला इतकं सोपं मला आयुष्यात कधी गेलं नव्हतं. मग जिन्यात काहीतरी वाजलं, बहुतेक मांजर, आणि मी गप्प झाले. घड्याळात पावणेदोन झाले होते.

मी इन्व्हर्टरकडे बघितलं. तो कुठून आला ते मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

टेबलावरच्या हेडफोनमध्ये फायली एकापाठोपाठ वाजत होत्या. मी तो कानाला लावला. दहा नंबर. बाई बोलत होती, थांबत होती, बोलत होती. एकही हुंकार नव्हता. मी बोलत होते तेवढा वेळ त्यानं त्या बायकांना सोडलं होतं.

५

सर आले तेव्हा मी त्यांना दारातच सांगितलं. त्यांनी एकदाच खुर्चीकडे बघितलं आणि परत बघितलं नाही. आणलेली डिस्क जोडली. साधी कॉपी, सकाळी सांगितली होती ती. पडद्यावर वेळ आला, बावन्न मिनिटं.

"मी बोलतो," सर म्हणाले. "माझं वय झालंय. माझं गेलं तर गेलं."

"कोणत्या बाईचा आवाज कुठं बारीक होतोय ते तुमच्याशिवाय कोणाला कळणार, सर? तुम्ही हेडफोन लावा. हुंकार आला की बोट वर करा."

"क्रांती, शालूबाईचं ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं."

मी स्वस्तातलं काहीतरी द्यायचं ठरवलं होतं. आधी सतराचा पाढा म्हटला. खोली गप्प राहिली आणि सरांचं बोट वर गेलं. पेपरातल्या बातम्या सांगितल्या. बोट वर. कॉलेजातली एक भानगड सांगितली, दुसऱ्याच कोणाची तरी. बोट वरच राहिलं आणि सर पुटपुटले, "झुंबरबाई हळू व्हाय लागलीया."

तेव्हा मी सायकलीपासून सुरुवात केली. गारगोटीचं घर, दारातली सायकल, आणि ती रोज सकाळी पुसणारं माणूस.

"हं."

सरांचं बोट खाली आलं.

पुढे काय काय सांगितलं ते मी लिहू शकत नाही. ते माझ्याकडे नाही. एवढं आठवतं, की मी मध्येच रडत होते आणि मग रडायचं कारण राहिलं नाही. घसा कोरडा पडला तरी थांबता येत नव्हतं. पडद्यावर अठ्ठावीस मिनिटं, एकोणीस, अकरा. नऊवर असताना मी पहिल्यांदा मान वळवली.

खुर्चीत कोणी नव्हतं. पण हिरव्या वायरींची वीण खाली दबलेली होती, माणूस बसल्यावर दबते तशी. मागे नाही, पुढच्या कडेला. नीट ऐकू यावं म्हणून पुढे सरकून बसतात ना, तशी. माझ्या गुडघ्यापासून वीतभर.

मी नजर पडद्यावर आणली आणि बोलत राहिले.

कॉपी झाली. सरांनी डिस्कची वायर ओढली, ती शर्टाच्या आत घातली, माझा हात धरला, आणि आम्ही दार न लावता खाली आलो. अडतीतला हमाल नळावर हात धूत होता. "काय मास्तर," तो म्हणाला, "वर आज पावण्यांची बैठक हुती व्हय? एकच बाई बोलतीया, बाकीची नुसती हं हं."



६

सोमवारी अठ्ठावन्न बायका वाजल्या. पहिल्या पाचजणींचं आम्ही लेखी दिलं, त्याचं पुढे काय होईल सांगता येत नव्हतं. झुंबरबाईंची चाळीस मिनिटं पूर्ण होती. कावळा चालला त्या ठिकाणी माझी नखं तळहातात रुतली होती, पण तिथं फक्त कावळाच होता. बायडाबाई मागच्या भिंतीला टेकून पदर तोंडात धरून ऐकत होती. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून विचारलं, "भिंती स्वतः घातल्या म्हणतात त्या?" आणि तेच वाक्य लिहून घेतलं. तिचं नाव यादीत जाणार हे मला तेव्हाच कळलं.

माझीही सही लागली, रेकॉर्डिंग सांभाळणारी म्हणून. कारकुनानं पूर्ण नाव विचारलं. माझं ओळखपत्र बघून मी वाचलं, क्रांती आकाराम चौगले. मधला शब्द वाचताना मला काहीच वाटलं नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात सर कोणाशी तरी बोलत होते. एक गृहस्थ, पांढरा सदरा, टोपी, हातात फडक्यात बांधलेला डबा. मला बघितल्यावर त्यांचं तोंड एकदम उजळलं. खानूवाडीच्या कोणत्यातरी बाईचा भाऊ असावा.

"जेवलीस का गं?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," मी म्हणाले. "तुम्ही कुणाबरोबर आलाय, पावणं? तुमच्या बाईंचं झालं का?"

ते मोठ्यानं हसले. "बघा मास्तर, कोल्लापुरात ऱ्हाऊन बापाला पावणं म्हनाय लागली."

मी पण हसले, कारण ते हसत होते. सर हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

त्या गृहस्थांनी बाकावर फडकं सोडलं. पहाटेची पहिली एसटी धरून गारगोटीहून आलोय, म्हणाले. त्यांचा डावा कान वरच्या टोकाला जरा दुमडलेला होता. माझाही तसाच आहे. मी त्या कानाकडे बघत राहिले आणि तरीही आठवलं काहीच नाही. त्यांनी भाकरी माझ्यापुढे धरली.

मी अर्धीच घेतली. ओळख नसलेल्या माणसाच्या डब्यातली सगळी भाकरी आपण घेत नाही.